अक्का कड्यावरचं घर बघायला जाते

इटलीहून परत आल्यापासून ओतूरच्या स्टँडवर भेटेल तो मला विचारतो, "गुरुजी, समुद्र कसा व्हता?" समुद्र निळा होता, एवढं सांगून मी चहा घेतो आणि सुटतो. खरी हकिकत एका चहात संपणारी नाही. ती एकदाची लिहून काढली, म्हणजे ज्याला हवी त्याला वाचायला देता येईल आणि माझा घसा वाचेल.

शिनोलीच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यात भूमध्य सागरी हवामानाचा धडा दरवर्षी यायचा. उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात, मुख्य पिके ऑलिव्ह, लिंबू, द्राक्षे. वर्गातून कोणीतरी विचारायचंच, "गुरुजी, तुमी बघितलाय का त्यो समुद्र?" परीक्षेत येत नाही ते विचारू नये, असं म्हणून मी पुढच्या धड्याकडे वळायचो. तर तो समुद्र मी निवृत्तीनंतर बघितला, आणि तोही माझ्या हौसेनं नव्हे. अक्कानं नेलं म्हणून.

अक्का ही माझी थोरली बहीण. ओतूरला स्टँडजवळ तिची खानावळ आहे. भावजी गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली आणि एकुलत्या एका मुलीला, तृप्तीला, पुण्यात हॉटेलचं शिक्षण दिलं. तृप्ती गेली तीन वर्षं इटलीत समुद्रकाठच्या एका हॉटेलात पाव आणि केक करते. हॉटेल एका कुटुंबाचं आहे. रोझा नावाची आजी त्याची मालकीण. तिला सगळं गाव 'नोन्ना' म्हणतं, म्हणजे आजीच. तिचा मुलगा आणि सून स्वयंपाकघर सांभाळतात आणि लूका नावाचा नातू गिऱ्हाइकांचं बघतो. गेल्या दिवाळीत तृप्तीनं फोन करून सांगितलं की तिला आणि लूकाला लग्न करायचंय.

अक्का रडली नाही, ओरडली नाही. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ती म्हणाली, "घर बघू."

तृप्तीनं सगळं ठरवून दिलं. बुधवारी आम्ही पोचायचं, हॉटेलवाले बसथांब्यावर घ्यायला येणार. अक्कानं ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आपण सोमवारी जायचं. गिऱ्हाईक म्हणून. कुणाला कळवायचं न्हाई, तृप्तीलाबी न्हाई."

ह्याला कारण आहे. अक्काचं लग्न ठरलं तेव्हा आमचे वडील पिंपरी पेंढारहून कळवून, दिवस सांगून घर बघायला गेले होते. दारात चार म्हशी बांधलेल्या होत्या. वडील खूष होऊन आले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या तीन म्हशी आपापल्या घरी गेल्या. तेव्हापासून अक्काचा नियम आहे की घर बघायचं तर न सांगता बघायचं. आमच्या भावकीतल्या निम्म्या मुलींची घरं तिनं अशीच अवचित जाऊन तपासलीत. इटली लांब आहे, एवढ्यासाठी ती नियम मोडणार नव्हती.

मी माझ्या नावावर दोन खोल्या धरल्या. मामाचं आडनाव वेगळं, तेव्हा कोणाला संशय येण्याचं कारण नाही, असं मी अक्काला सांगितलं. माझ्या हुशारीवर आम्ही दोघंही खूष होतो.

सोमवार

विमानाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की अक्कानं दोन्ही वेळचं जेवण परत पाठवलं. उपवास सोमवारचा, तो विमानात बसल्यावर सुरू होतो की उतरल्यावर, ह्यावर तिनं हवाई सुंदरीचं मत विचारलं. नेपल्सहून बस निघाली ती कड्याच्या पोटातून वळणं घेत. माळशेज घाटात ज्याला कधी मळमळलं नाही त्या मला तिथं खिडकी उघडावी लागली.

गावाचं नाव अजून माझ्या जिभेला वळत नाही. बसथांब्यापासून वर नुसत्या पायऱ्या. सामानासाठी तीनचाकी टेम्पो मिळतो, तोच आपल्याकडे असतो तसा, फक्त ह्यांचा फिकट निळा होता. अक्का सामानाबरोबर मागच्या हौद्यात बसली आणि वरपर्यंत सगळ्यांना आपण दिसत राहू ह्याचा तिनं विचार केला नाही. नऊवारी नेसलेली, कपाळाला हिरवं गोंदण असलेली बाई गुपचूप आली आहे, असं त्या गावाला वाटावं अशी आमची अपेक्षा होती.

हॉटेल कड्यालाच चिकटलेलं आहे. रस्त्यावरून शिरायचं ते सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि खोलीत जायला जिना उतरत जायचं. अक्का म्हणाली, "घर उलटं बांधलंय." मग ती गच्चीच्या कठड्याशी गेली. खाली सरळ तुटलेला कडा, त्यात पायऱ्यापायऱ्यांनी लावलेली लिंबं आणि त्याच्या खाली समुद्र. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आपल्या नाणेघाटाखाली कुणी पाणी भरून ठिवलंय." तीस वर्षं मी तो धडा शिकवला, पण इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं.

काउंटरवर काळ्या कपड्यातली एक म्हातारी बसली होती. तिनं आमचे पासपोर्ट घेतले. माझा चटकन बघितला. अक्काचा मात्र लांब धरून, जवळ धरून, चष्मा वर करून, चष्मा खाली करून बघितला. मग अक्काकडे बघितलं. मग किल्ल्या दिल्या. मी अक्काला हळूच म्हणालो, "भारताचा पासपोर्ट पहिल्यांदाच बघत असणार."

खोलीत गेल्याबरोबर अक्कानं कपाटावरून बोट फिरवलं. पलंगाखाली वाकून बघितलं. गादी उचलली, मोरीच्या जाळीवर पाणी ओतून ते किती वेळात जातं ते बघितलं. कुठं काही सापडेना, तेव्हा तिची जरा निराशाच झाली. "आजच्या दिवस साफ केली आसंल," ती म्हणाली.

संध्याकाळी जेवायला बसलो. आजूबाजूच्या टेबलांवर मासे, शेवयांचे ढीग, वाइन. आमच्या टेबलावर लूका स्वतः ताटली घेऊन आला. उंच, सावळासा, केस विसकटलेले. अक्कापुढं त्यानं लोणी घातलेले उकडलेले बटाटे, भाजलेले बदाम, फळं आणि दुधाचा पेला ठेवला. कांदा नाही, लसूण नाही, पावाचा तुकडाही नाही.

अक्का ताटलीकडे बघत राहिली. "ह्यांच्यातबी सोमवार धरत्यात वाटतं."

मी तिला समजावलं की डोंगराळ भागात बटाटा हे मुख्य अन्न असतं, त्यात नवल नाही. भूगोल शिकलेल्या माणसाकडे कशाचंही उत्तर असतं.

मंगळवार

तृप्तीची पाळी सकाळची. आम्ही न्याहारीला बसलो आणि ती हातात पावांचा ट्रे घेऊन आतून आली. आम्हाला बघून जागच्या जागी थांबली. ट्रेवरचा एक पाव घरंगळून खाली पडला. अक्कानं डोळे मोठे करून नुसती मान हलवली. लहानपणी पाहुण्यांसमोर गप्प बसवायला ती तृप्तीला असंच करायची.

तृप्ती जवळ आली. तिचा चेहरा मला वाचता येईना. "गुड मॉर्निंग," ती इंग्रजीत म्हणाली. "काय घेणार?"

अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या पोरीला सांग, चा मिळंल का म्हणावं."

मी माझ्या भाचीला इंग्रजीत चहा मागितला. आयुष्यात इतकं ओशाळल्यासारखं मला कधी वाटलं नाही. चहा आला तो आलं ठेचून, दूध घालून, उकळलेला. अक्कानं एक घोट घेतला आणि तोंड समुद्राकडे फिरवलं.

दहा मिनिटांत माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. तृप्ती आत येऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मामा, हे काय चाललंय?"

"तुझी आई घर बघतेय."

"बुधवारी बघायचं होतं ना?"

मी तिला म्हशींची आठवण करून दिली. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "मामा, आईनं नाही म्हटलं तर मी लग्न करणार नाही. तिला दुखवून मला इथं सुखानं राहता यायचं नाही. पण दुसऱ्या कोणाशीही करणार नाही, हेही तिला माहीत असू दे. आणि हे मी तिला धमकी म्हणून सांगत नाहीये." मग डोळे पुसून, एप्रन झटकून कामाला गेली. मी मामा असून मला तिला काहीच कबूल करता आलं नाही, ह्याचं वाईट वाटलं.

अक्काचं पुढचं काम चौकशीचं. आपल्याकडे मुलाची खरी माहिती सलूनमध्ये मिळते, तेव्हा तिनं मला गावातल्या सलूनमध्ये पाठवलं. दाढी विमानात बसायच्या आदल्या दिवशीच केली होती. फोनमधल्या भाषांतराच्या सोयीवर मी त्या गृहस्थाला लूकाबद्दल विचारलं. साबण लावलेल्या तोंडानं फोनशी बोलणं सोपं नाही. त्यानं वस्तरा बाजूला ठेवला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि फोनमध्ये पाच मिनिटं बोलला. फोननं सांगितलं की मुलगा चांगला आहे, आजीला वर उचलून आणतो, दारू जेवणापुरती, पण फुटबॉलच्या गावच्या संघात गोलरक्षक आहे आणि त्याच्यामुळे संघ चार वर्षं हरतोय. मी दाराबाहेर पडलो तेव्हा तो कोणाला तरी फोन लावत होता.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. "खोड म्हणून एवढीच?" ती म्हणाली. तिला ते खरं वाटलं नाही.

म्हणून दुपारच्या जेवणाला तिनं लूकाची परीक्षा घेतली. पाणी मागितलं, गार आहे म्हणून परत पाठवलं. कोमट आलं, ते गरम आहे म्हणून परत पाठवलं. खानावळीत गिऱ्हाईक असं वागलं तर ती स्वतः त्याला काय ऐकवते ते मला ठाऊक आहे. लूका सहा वेळा आत-बाहेर गेला आणि सहाही वेळा हसत आला.

"इतकं हसतोय म्हंजे एक तर येडा हाय न्हाई तर लई हुशार," अक्का म्हणाली. तिनं आमटीसारख्या त्या टोमॅटोच्या रसात मीठ नाही म्हणून तेही परत पाठवलं. ह्या वेळी मात्र आतून काउंटरवरची ती म्हातारी, म्हणजे नोन्ना, स्वतः आली, मिठाची बरणी टेबलावर ठेवली आणि अक्काच्या डोळ्याला डोळा देऊन उभी राहिली. अक्कानं चिमूटभर घातलं. नोन्ना परत गेली. अक्का नंतर कबूल करून गेली की मीठ बरोबर होतं.

दुपारी घात झाला. अक्कानं आदल्या दिवशीचं लुगडं धुऊन सज्जाच्या कठड्यावर वाळत टाकलं होतं. मी पडलो होतो. खालून आरडाओरड ऐकू आली म्हणून बाहेर येऊन बघतो तर लुगडं वाऱ्यानं सुटून खालच्या मजल्यावर हॉटेलच्या पाटीला अडकलेलं, आणि बाकीचं आठ वार हिरवं कापड कड्यावर सोडलेलं. खाली समुद्रात एक पर्यटकांची होडी थांबली होती आणि त्यातली माणसं फोटो काढत होती.

लूका लिंबांच्या मांडवावरून चढत गेला. अक्का कठड्याला धरून उभी होती. "आरं सोड त्ये, जाऊ दे, पडशील," असं ती मराठीत ओरडत होती. लुगड्यापेक्षा पोराची काळजी तिच्या तोंडून निघून गेली. त्यानं लुगडं सोडवलं, आणि अर्ध्या तासानं घडी घालून आणून दिलं.

तो गेल्यावर अक्कानं ती घडी मला दाखवली. काठाला काठ जुळलेला, पदर वर काढलेला, आमच्या घरी घालतात तशीच. "ही घडी ह्याला कुणी शिकवली?" ती म्हणाली. उत्तर तिला माहीत होतं आणि मलाही.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. ऊन समुद्रावर कलत होतं. माझ्या मते आता घर पसंत पडायला हरकत नव्हती. मी तसं म्हणालो. अक्का म्हणाली, "घरात खोट न्हाई रं बाळू. खोट असती तर बरं झालं असतं. न्हाई म्हणून मोकळी झाले असते."

मग तीच पुढं म्हणाली,

"सकाळधरनं माझी लेक मला पावणी म्हणून वाढतीय. काय घेणार म्हणून इचारतीय. मला वाटलं व्हतं, मी नाटक करतीय. पर हे नाटक न्हाई. हितनं पुढं असंच व्हायाचं. वर्षा-दोन वर्षांनी यायचं, पावणीवानी बसायचं, तिनं वाढायचं, आन् आपण जायाचं." तिनं पदर सारखा केला. "घर बघायला आले आन् हेच बघितलं."

ह्यावर भूगोलात काही उत्तर नव्हतं. मी माझी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.

बुधवार

आज आम्ही येणार होतो. म्हणजे आधी जायला हवं होतं.

सकाळी आम्ही किल्ल्या परत केल्या. नोन्नानं गंभीर चेहऱ्यानं हात मिळवला आणि प्रवासाला शुभेच्छा दिल्या. निळा टेम्पो आम्हाला खाली थांब्यावर सोडून गेला. नेपल्सची बस यायला पाऊण तास होता. अक्कानं मला थांब्यामागच्या भिंतीआड उभं केलं. बस आली, उतारू उतरले, तसे आम्ही बॅगा घेऊन त्यांच्यात मिसळलो. बसचा ड्रायव्हर आमच्याकडे बघत राहिला, कारण त्याच्या बसमधून आमच्यासारखं कोणी उतरल्याचं त्याला आठवत नव्हतं.

आम्हाला न्यायला तोच निळा टेम्पो उभा होता, तोच टेम्पोवाला. त्यानं टोपी काढून इंग्रजीत विचारलं, "इकडे पहिल्यांदाच?"

मी हो म्हणालो. त्यानं आरशात बघितलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. दुसऱ्या वळणावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आडनाव माझं वेगळं होतं, पण अक्काचं तृप्तीचंच आहे. ते पासपोर्टवर ठळक अक्षरात छापलेलं आहे, आणि तो पासपोर्ट मी माझ्या हातानं त्या म्हातारीला दिला होता. तृप्तीनं त्यांना कधीतरी सांगितलेला आईचा सोमवार, बटाटे, बदाम, सहा पेले पाणी, सगळं एका रांगेत उभं राहिलं. मी अक्काला सांगितलं. ती हौद्यात बॅगेला धरून बसली होती. तिनं पदर डोक्यावरून घेतला.

दारात सगळं घर उभं होतं. नोन्ना रेशमी कपड्यात, गळ्यात मोत्यांची माळ. लूका कोटात, केस पाणी लावून बसवलेले. त्याचे आईवडील. आणि तृप्ती पैठणी नेसून. नोन्ना पुढं आली, तिनं अक्काचे दोन्ही हात धरले आणि काही बोलली. तृप्तीनं मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, या. प्रवास कसा झाला? दमला असाल."

कोणी हसलं नाही. दोन दिवस आम्ही गिऱ्हाईक होतो, तर गिऱ्हाइकासारखं वागवलं. आज पाहुणे आलो, तर पाहुण्यांसारखं घेतलं. अक्का त्यांच्या डोळ्यात बघत होती. मग म्हणाली, "बरा झाला म्हणावं. वाट लई वळणाची."

नोन्नानं तिला सगळं घर दाखवलं, एकेक खोली, जणू अक्कानं तिथली कपाटं तपासलीच नव्हती. अक्कानंही प्रत्येक ठिकाणी मान डोलावून नवल केलं. मग मोठ्या टेबलाभोवती बसवलं. तृप्ती वाढायला उठली, तर नोन्नानं तिला दंडाला धरून अक्काशेजारी बसवलं आणि स्वतः वाढलं. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा हात पुसून तिनं विचारलं. तृप्तीनं मान खाली घालूनच भाषांतर केलं.

"त्या विचारतात, घर पसंत पडलं का."

सगळे अक्काकडे बघायला लागले. लूकाचा हात टेबलाखाली तृप्तीचा हात शोधत होता. मला वाटलं, आता ही हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. अक्का दोन्हीही म्हणाली नाही.

"तिला सांग," अक्का तृप्तीला म्हणाली, "माझ्या लेकीला उठल्या उठल्या चा लागतो. तो मिळूस्तवर तिच्याशी कुणी बोलायचं न्हाई."

तृप्तीनं सांगितलं. तिचा आवाज नीट होता.

"थंडीत तिचा खोकला लवकर जात न्हाई. आंगावर काढती. तिला इचारायचं न्हाई, सरळ काढा द्यायचा. आन् रागावली की जेवत न्हाई. तवा हाका मारू नगा, समजूत काढू नगा. ताट झाकून ठिवा. आपसूक येती आन् जेवती."

तृप्तीला पुढं बोलता येईना. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग ते काम माझ्याकडे आलं. मी ते लूकाला माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगितलं आणि लूकानं आजीला त्यांच्या भाषेत. काढ्याला मी औषधी पाणी म्हणालो, आणि ताट झाकणं म्हणजे काय हे हातानं करून दाखवलं. तीन भाषांतून जाताना त्यातलं किती उरेल ह्याची मला धास्ती होती.

नोन्ना लक्ष देऊन ऐकत होती. मी हातानं ताट झाकलं तशी ती मधेच काही बोलली, अगदी सहज, रोजची गोष्ट सांगावी तशी. लूकानं मला सांगितलं, मी अक्काला सांगितलं.

"त्या म्हणतात, ठाऊक आहे. तीन वर्षं झाकून ठेवतेय."

अक्का एवढा वेळ ताठ बसली होती, ती तेव्हा रडली, आमच्या कोणाच्याच देखत कधी रडली नव्हती तशी. नोन्ना उठली नाही, तिला थोपटलं नाही. तिनं अक्काच्या ताटलीवर, अजून अर्धं अन्न होतं त्यावर, दुसरी ताटली उपडी घातली आणि वाट बघत बसली.